कोच जेवायला आला तेव्हा

न्यूझीलंडमध्ये हायस्कूललाच कॉलेज म्हणतात, आणि तिथल्या बास्केटबॉलचे नियम आपल्याकडच्या लग्नाच्या बैठकीपेक्षा कडक. पोरगी कॉलेज बदलून आली की पहिला प्रश्न : घर हललं म्हणून आली, की खेळासाठी पळवून आणली? घर हललं असेल तर खुशाल खेळा. पळवली असेल तर सबंध सीझन बाकावर बसून टाळ्या वाजवा.

आमचं तर सरळ होतं. माझी नोकरी पोरिरुआहून टौरंगाच्या बंदरात हलली, नोकरीमागून आम्ही. लेक तेव्हा पंधराची, आणि इतकी उंच की पोरिरुआचा वारासुद्धा तिला वळसा घालून जायचा.

घोळ केला तो आमच्या रीतीने. पोर ज्यांच्या हाती द्यायची त्या सरांना आधी घरी जेवायला बोलवायचं, हे आमच्याकडे चालत आलेलं. तेव्हा अॅडमिशनच्या आधीच, अर्धी खोकी बंद असताना, बायकोने नव्या कोचला पुरणपोळीला बोलावलं. बिचारा जंडल्स, म्हणजे तिकडच्या स्लिपा, दाराबाहेर काढून आत आला, पोटभर जेवला, गेला. लेकीने पंगतीचा फोटो जुन्या मैत्रिणीला पाठवला आणि जुन्या कॉलेजने बास्केटबॉलच्या समितीकडे तक्रार ठोकली : कोच घरी जाऊन आमची खेळाडू फोडतो!

चौकशीला आम्ही तिघं आणि कोच. लेकीचा चेहरा एवढासा. समितीच्या बाईंनी हसून ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार केला आणि थेट विचारलं, “कोचनी तुम्हाला काय देऊ केलं?”

“ते काय देणार?” बायको म्हणाली. “वाढत तर मी होते.”

बाई कोचकडे वळल्या. “मुलीच्या खेळाबद्दल काय बोलणं झालं?”

“काहीच नाही. मला बोलायला मिळालंच नाही. हे गृहस्थ बोलत होते.”

“सगळा वेळ?”

“सगळा वेळ. कुक सामुद्रधुनीत म्हणे फेरीबोटीचं इंजिन बंद पडलं आणि यांनी देवमाशाला दोर बांधून ती किनाऱ्याला लावली. मुलगी तर कंटाळून केव्हाच खोलीत गेली होती.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. “हे खरं?”

“साफ खोटं,” मी म्हणालो. “देवमासे दोन होते. एकट्याला फेरीबोट ओढवेल का?”

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. आमिष दाखवायला आधी तोंड उघडावं लागतं, आणि कोचने ते फक्त घास घ्यायला उघडलं होतं, हे सगळ्या समितीला पटलं. लेक मोकळी.

पार्किंगमध्ये बायको म्हणाली, “पुढची गोष्ट ऐकावी लागेल म्हणून सोडलं त्यांनी.”

“स्वीट अॅज, डॅड,” लेक म्हणाली, म्हणजे तिकडच्या पोरांचं ‘झकास’. “पण शनिवारी रेफरीशी नो टॉकिंग. प्लीज.”

शनिवारी ती पहिल्या मिनिटापासून कोर्टवर होती. मी रेफरीशी एक अक्षर बोललो नाही. हाफटाइमपर्यंत.