व्हिलनमावशींचा सेनापती

मंडळात नवीन कुणी आलं की बाकीचे लोक विचारत, "पुण्याचे की मुंबईचे?" मावशी विचारायच्या, "तुला दुष्ट कुठला आवडतो?" लग्न होऊन मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आले आणि त्याच आठवड्यात नवऱ्यानं मला मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नेलं. अंगावर नवी साडी, हातात कागदी प्लेट, ओळख ना पाळख, आणि समोर कार्डिगनची बटणं एक घर चुकवून लावलेली एक ठेंगणी बाई हे विचारते आहे! मी चाचरत म्हटलं, "म्हणजे... रावण वगैरे?" "छे गं," त्या म्हणाल्या, "रावण आपल्या घरचाच. मी अंतराळातल्यांचं विचारते आहे. आरमार घेऊन ग्रहामागून ग्रह गिळत सुटतात ना, ते." मला त्यांतला एकही ठाऊक नव्हता. मावशींनी आपल्या प्लेटमधली जिलबी माझ्या प्लेटमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "होईल हळूहळू सवय."

सगळं मंडळ त्यांना व्हिलनमावशी म्हणायचं, अगदी तोंडावर. त्यांना ते आवडायचं. मावशी आता नाहीत, पण आजही कुणी नुसतं "मावशी" म्हटलं की आमच्याकडे विचारतात, "कुठल्या? व्हिलन?" गावातल्या एका मोठ्या दुकानाच्या तक्रार काउंटरवर त्यांची नोकरी झाली. नाना, म्हणजे त्यांचे यजमान, मोटारीच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर मावशी चाकांची पिशवी घेऊन दर आठवड्याला बसनं लायब्ररीत जाऊ लागल्या आणि अंतराळातल्या लढायांची जाडजूड पुस्तकं भरून आणू लागल्या. नायकांत त्यांना काडीचा रस नव्हता. "हीरो सगळे सारखेच गं," त्या म्हणायच्या. "नुकतीच दाढी करून आलेले."

दुष्टांची मात्र त्या कसून परीक्षा घेत आणि बहुतेकांना नापास करत. गडगडाटी हसणारा सरदार पहिल्याच पानावर नापास. "एवढं हसायला ज्याला वेळ मिळतो, त्याच्याकडे फारसं काम नाही." पायघोळ काळा झगा घालणारा नापास. "कपड्यांची एवढी काळजी करणारा माणूस मुळात बुजरा असतो." चिडून स्वतःच्याच सरदारांचे गळे आवळणारा एक होता, त्याच्याबद्दल त्या म्हणाल्या, "हा दुष्ट नव्हे, हा वाईट मॅनेजर." मी एकदा धीर करून विचारलं, की अख्खाच्या अख्खा ग्रह उडवून देणारा तरी दुष्ट की नाही? मावशी मटार सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, उडवला की विषय संपला. निदान ग्रहाला कळतं तरी, आपला शत्रू कोण ते. खरा दुष्ट ग्रह उडवत नाही, तिथली व्यवस्था सुधारतो." मग मला म्हणाल्या, "नुसती बघत बसू नकोस, चार शेंगा घे."

ही अक्कल त्यांना पुस्तकांतून आली नव्हती, काउंटरवरून आली होती. "ओरडत येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी कधी घाबरले नाही," त्या सांगायच्या. "त्याचा टोस्टर जळलेला असतो, बायको घरी वाट बघत असते. त्याला खुर्ची दिली की निम्मा राग उतरतो. पण एखादा हसत हसत येतो, माझ्या बॅजवरचं नाव वाचून मला नावानं हाक मारतो आणि म्हणतो, 'आय ॲम शुअर यू विल अंडरस्टँड.' तो आला की मी काउंटरची कड घट्ट धरून ठेवायची." तो माणूस काय करायचा, असं मी विचारलं. "काही नाही गं. तो जाईपर्यंत मीच त्याची माफी मागितलेली असायची."

एका वर्षी मंडळाच्या लक्षात आलं, की गणपतीतल्या नाटकाला इथं जन्मलेली पोरं फिरकत नाहीत. तेव्हा सायन्स फिक्शन नाटक करायचं ठरलं आणि अर्थातच ते मावशींनी लिहायचं ठरलं. आमच्या सेक्रेटरीकाकांना खलनायकाचं नाव 'क्रूरकेतू' हवं होतं. मावशींनी त्याचं नाव ठेवलं सुबोध. "सुबोध?" काका जवळजवळ किंचाळले. "ग्रह जिंकणाऱ्या सेनापतीचं नाव सुबोध?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "त्याच्याही आईनं लाडानंच ठेवलं असेल की हो." नाटकात एका छोट्या ग्रहावर एक म्हातारी राणी असते. सेनापती सुबोध आरमार घेऊन येतो, पण तोफ एकदाही डागत नाही. तो राणीसाठी शाल आणतो. वाड्याचे जिने फार उंच आहेत म्हणून हळहळतो. इथली थंडी तुम्हाला सोसत नाही म्हणतो. शेवटी राणी आपणहून मुकुट उतरवून देते, लिफ्टची सोय असलेल्या एका यानात बसते आणि खिडकीतून स्वतःच्या ग्रहाला हात हलवते. काकांनी संहिता वाचून विचारलं, "यात रक्त कुठंय?" मावशी म्हणाल्या, "नाहीच. म्हणून तर भीती वाटते."

सुबोधचं काम नीलकडे आलं. नील इथंच वाढलेला, अकाउंटंट, सहा फूट उंच. राणी स्वतः मावशी, कारण चांदीच्या कागदाचा मुकुट घालायला मंडळातली दुसरी कुठलीही ज्येष्ठ बाई तयार होईना. पहिल्या तालमीत पास्त्याच्या चाळण्या डोक्यावर घातलेलं सहा जणांचं सैन्य घेऊन नील ताडताड चालत आला, राणीसमोर थांबला आणि वाकून चक्क तिच्या पाया पडला. आजीनं लहानपणापासून लावलेलं वळण. वडीलधारं माणूस समोर आलं की कंबर आपोआप वाकायची. आम्ही हसून लोळलो. नील लाल झाला. "सॉरी, सॉरी! हॅबिट झाला आहे." मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्याच्या डोक्यावर ठेवलेला हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "हे ठेवायचं. आधी आशीर्वाद घेतो, मग राज्य घेतो! अरे, एवढी पुस्तकं वाचली, पण एकाही गोऱ्याला हे सुचलं नाही बघ."

हे सगळं त्यांना कुठून सुचतंय, ते मला जरा उशिरा कळलं. त्यांचा एकुलता एक, इथंच वाढलेला मुलगा अभय लंडनमध्ये एजवेअरला राहायचा. अभय अतिशय भला माणूस, हे आधीच सांगून ठेवते. महिन्यातून दोनदा मोटरवेनं यायचा, आईचा फ्रिज भरून जायचा, बल्ब बदलायचा, बागेतलं गवत कापायचा. त्या वसंतात मावशी कपड्यांची टोपली घेऊन जिन्यावरून घसरल्या, मनगट दुखावलं, आणि तेव्हापासून अभयच्या मनानं घेतलं. त्यानं एजवेअरला आपल्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठीच बांधलेला फ्लॅट बघितला. लिफ्ट, बाथरूममध्ये ओढली की मदत येते अशी दोरी, खाली कोथिंबीर मिळणारं दुकान. एस्टेट एजंट कॉव्हेंट्रीच्या घराचे फोटो काढून गेला. गणपती झाले की दारात विक्रीची पाटी लागणार होती.

"मग तुम्ही नाही म्हणा ना," मी म्हटलं. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात कप विसळत होतो. मावशी खिडकीबाहेर बघत राहिल्या. तिथं नानांनी लावलेलं सफरचंदाचं झाड होतं. त्याला आंबट आणि किडकी फळं लागत आणि त्यांचं लोणचं आम्ही सगळे वर्षभर निमूटपणे खात असू. "कशाला नाही म्हणू?" त्या म्हणाल्या. "तो 'चल' असं म्हणतच नाही. 'आई, तुला किती बरं पडेल,' म्हणतो. आणि पडेलही बरं! इतका गोड बोलतो की मला माझाच राग येतो. भांडायला त्यानं काहीतरी वाईट बोलायला हवं ना गं?" त्यांचे डोळे भरून आले होते. मावशींना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला अभयचा फार राग आला. दुसऱ्या शनिवारी तो माझ्यासाठीसुद्धा आंब्याची पेटी घेऊन आला, त्यामुळे तो राग फार टिकला नाही.

प्रयोगाच्या आठवड्यात नीलचा फुटबॉल खेळताना घोटा मुरगळला. सेक्रेटरीकाका डोक्याला हात लावून बसले. मावशी म्हणाल्या, "आमचा अभय करेल की." त्यांनी हे आधीपासून योजलं होतं का, असं पुढं मला कितीतरी जणांनी विचारलं. नीलचा घोटा खरोखरच भोपळ्याएवढा सुजला होता, एवढं मी शपथेवर सांगते. अभय बिचारा ऑफिसातून रजा घेऊन आला. स्वयंपाकघरात उभं राहून त्यानं संवाद वाचले आणि गोंधळून म्हणाला, "आई, मी व्हिलन कसा दिसणार? आय ॲम टू नाइस." मावशी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू ॲक्टिंग करूच नकोस. रोज बोलतोस तसा बोल."

प्रयोग शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये होता. मागच्या खोलीत मसालेभात तयार होता आणि त्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत येत होता. मी पडद्याआड संहिता घेऊन प्रॉम्प्टिंगला बसले होते. अभयनं कमाल केली. त्यानं राणीला शाल पांघरली, जिने मोजून दाखवले, "राणीसाहेब, तुम्हाला किती त्रास होतो," म्हणाला, तेव्हा मागं फोन बघत बसलेली पोरंसुद्धा चिडीचूप झाली. पुढच्या रांगेतल्या एक काकू "मेला!" असं मोठ्यांदा म्हणाल्या. ज्या दिवसाची मावशी आयुष्यभर वाट बघत होत्या, तो हाच. त्यांचा दुष्ट अखेर पास होत होता.

मग शेवटचा प्रवेश आला. अभय वाकला, राणीच्या पायांना त्यानं हात लावला. आता उठून "राणीसाहेब, सगळी तयारी झाली आहे, चला," एवढंच म्हणायचं होतं. तो उठेना. मी आतून हळूच वाक्य दिलं. मग जरा मोठ्यांदा दिलं. ते तिसऱ्या रांगेला ऐकू गेलं, पण अभयला गेलं नाही. पायांना हात लावून तसाच वाकलेला, तो वर आईच्या तोंडाकडे बघत होता. आणि आपल्या नेहमीच्या मोडक्या मराठीत अभय म्हणाला, "आई, तुला जायची आहे का?"

मी भराभर पानं उलटली. त्या प्रवेशात राणीला वाक्यच नव्हतं. मावशींनीच ते लिहिलं नव्हतं, कारण राणीला कुणी काही विचारत नव्हतं. मावशींनी कानावर आलेला मुकुट सारखा केला. मग राणीच्या नव्हे, अगदी घरातल्या आवाजात त्या म्हणाल्या, "नाही रे. मला अजून इथंच राहायचंय."

"शुअर?"

"हो."

"ओके," अभय म्हणाला. "मग राहा." तो उठला, डोळे पुसले, चाळण्या घातलेल्या सैन्याकडे वळला आणि म्हणाला, "आर्मी, चला घरी." सैन्य बिचारं एकमेकांकडे बघत निघून गेलं. मध्यंतर झालं असं समजून सेक्रेटरीकाकांनी हॉलचे दिवे लावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण "मेला" म्हणणाऱ्या काकू बाहेर पडताना म्हणाल्या, "छान होतं हो, शेवट मात्र काही समजला नाही."

आत मावशींनी अभयला फैलावर घेतलं. "माझा सुबोध घालवलास! एवढा जमून आलेला दुष्ट, एका वाक्यात मातीत गेला!" अभय चांदीच्या कागदाच्या चिलखतात हसत होता आणि रडतही होता. "सॉरी, आई. मी कधी आस्कच नाही केला तुला." मावशी खुर्चीवर बसल्या. रागावणं विसरून, पुस्तकाबद्दल बोलताना बोलायच्या तशाच त्या मला म्हणाल्या, "अगं, एवढंच होतं की. शाल आणतात, पाया पडतात, गोड बोलतात. हे सगळं चांगली माणसंही करतात. दुष्ट तेवढं विचारत नाही." मग अभयला जवळ ओढून त्यांनी त्याचा मुका घेतला आणि म्हणाल्या, "तुझ्यात ते दुष्टपण नाहीच रे. जा, मसालेभात खाऊन घे."

दारात पाटी लागली नाही. जिन्याला दुसऱ्या बाजूनंही कठडा बसला आणि मावशी आणखी काही वर्षं तिथं राहिल्या, लोणचं घालत आणि सरदारांना नापास करत. मग एका हिवाळ्यानंतर त्यांनी आपणहून अभयला फोन केला आणि म्हणाल्या, "तो फ्लॅट बघ रे अजून मिळतो का. आता दमले." निघायच्या दिवशी मी मदतीला गेले होते. अभय प्रत्येक वस्तू उचलून विचारत होता. आई, ही खुर्ची न्यायची? हे पडदे? पुढं बसतेस की मागं? खिडकी उघडी ठेवू? तुला नक्की जायचं आहे ना? शेवटी मावशी कावल्या. "अरे, पुरे की आता! याच्यापेक्षा सेनापती परवडला." मी गाडीच्या काचेपाशी उभी होते आणि मला रडू आवरत नव्हतं. मावशींनी माझ्या गालावर हात ठेवला, पट्टा लावला आणि अभयला म्हणाल्या, "चल." गाडी कोपऱ्यावरून वळली, तेव्हाही तो त्यांच्याकडे मान वळवून काहीतरी विचारतच होता.