कारण लिहून द्या

जमुनाबाईला शालिकराम किती ओळखत होता? खरं सांगायचं तर नावापुरतंच. शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या शेडमध्ये तो कारकून, ती तिथंच चौदा वर्षं फळं निवडत होती. तिला मुलंबाळं किती, हे त्याने कधी विचारलं नाही. बायांशी बोलायचं म्हटलं की त्याच्या कपाळाला घाम फुटायचा.

त्या वर्षी चंद्रभानजी थकले. बागेत फिरून झाडांवर किती फळ आहे याचा अंदाज सांगायचा, हे त्यांचं काम. त्या अंदाजावर मालक सौदा करत. मालक उत्तमरावांच्या सांगण्यावरून शालिकरामने दारातल्या फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं : बागा पाहायला पुरुष पाहिजे.

दुपारी जमुनाबाई अर्ज घेऊन आली. उत्तमराव हसले. हे बायांचं काम नाही, म्हणाले. तिने वाद घातला नाही. बचत गटाच्या मेळाव्यात एका वकीलबाईकडून तिने ऐकलं होतं, की कामावर घेताना बाई-पुरुष असा भेद करायला कायद्याची मनाई आहे.

“नाही त नाही,” ती म्हणाली. “मले काहून नाही, तेवढं कागदावर लिहून द्या. अमरावतीच्या कामगार ऑफिसात दाखवीन.”

त्यात काय, म्हणत उत्तमराव सांगू लागले. बागा लांब असतात, बाईला जाणं जमत नाही. शालिकरामने लिहिलं. खिडकीबाहेर तिची स्कूटी उभी होती; रोज बारा किलोमीटरवरून यायची. मालकांनी खोडायला लावलं. ऊन सोसत नाही. समोरच्या बागेत भर उन्हात बायाच तोडणी करत होत्या. तेही खोडलं.

“लिहा, अनुभव नाही.”

शालिकरामचा पेन थांबला. चंद्रभानजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. घसा खाकरून तो कसाबसा म्हणाला, “मालक, दोन वर्षांपासून चंद्रभानजीसंग बागेत जाऊन अंदाज हीच काढून राहिली. अंदाजाच्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर हिचंच आहे.”

उत्तमरावांनी तो कागद ओढून चुरगाळला. म्हणाले, “फळ्यावरचं पुसून टाका. सोमवारपासून येऊ द्या बाईले.”

पहिल्या बहाराला बागवाले तिला विचारत, बाई, पाहणारा माणूस कुठं आहे? ती मान वर करून फळं मोजत पुढं जायची. पुढच्या बहाराला तेच तिला फोन करू लागले.

दोन वर्षांनी शालिकराम काम सोडून अकोल्याला मुलाकडे गेला. त्यानंतर त्यांची भेट नाही. शेवटच्या दिवशी ती बागेतून आली, तेव्हा त्याला बरंच बोलायचं होतं.

“किती निघतील?” त्याने विचारलं.

“बांधावरच्या झाडाईले कमी धरा, बाबूजी. आन तो पंखा बंद करा, कागद उडून राहिले.”

“बरं,” शालिकराम म्हणाला.