ड्रमला दम नव्हता

आमच्या ऑर्नेटा मावशीला देवाने गळा दिला, घाई तेवढी द्यायची राहिली. शिकागोच्या साउथ साइड भागातल्या आमच्या चर्चमध्ये ती प्रत्येक ओळ ठेक्याच्या मागून उचलायची. गायकवृंदाचे प्रमुख ब्रदर क्लेव्हन यांनी शेवटी हात टेकले.

"सिस्टर, तीस माणसं तुमच्यासाठी थांबणार नाहीत," म्हणाले, आणि तिला वृंदातून काढलं.

मावशी पांढरे हातमोजे घालून दारापाशी लोकांना जागा दाखवू लागली. गाणाऱ्यांकडे मात्र अशी बघायची, की माझा जीव तुटायचा.

तेव्हा आम्ही पोरं तळघरांत ड्रम मशीन लावून हाउसची, म्हणजे क्लबात नाचायची, गाणी रचत होतो. एका शनिवारी मी मावशीला खाली नेऊन माइकपुढे उभं केलं.

"काय गाऊ रे?"

"चर्चमध्ये साक्ष देतेस ना, तेच."

'सकाळी डोळे उघडले, देवा, तुझे उपकार,' एवढं गाऊन ती श्वासाला थांबली. चर्चमध्ये गाणारा थांबला की ड्रमवालाही थांबतो. मशीनला कुठले संस्कार! ते आपलं धाडधाड चालूच. मावशी त्याच्यावरच डाफरली, "अरे, दम धर ना बाळा! कुठं आग लागलीय?" मग सवडीने पुढची ओळ गायली.

"ते ओरडणं पुसून टाक हो."

"राहू दे मावशी, त्यातच जीव आहे."

"तुझं तू बघ. क्लेव्हनच्या कानावर नको म्हणजे झालं!"

मी तिथे ड्रमचा ठेका तोडला आणि तिचं डाफरणं मोकळं सोडलं. गाणं क्लबांत गेलं, लग्नांत गेलं, नाचणाऱ्यांची नातवंडं नाचू लागली.

परवा जुलैत जॅक्सन पार्कमधल्या हाउसवाल्यांच्या सहलीला मावशी कॅरॅमल केक घेऊन आली. शेगड्यांवर बरगड्या भाजत होत्या. तिचं गाणं लागलं, ठेका तुटला, आणि सगळं मैदान एका सुरात ओरडलं, "दम धर ना बाळा!" मावशी केक सांभाळत नुसती उभी राहिली.

शेजारच्या खुर्चीत क्लेव्हन होते. आता थकलेले, नातीने आणलेले.

"सिस्टर, गुरुवारी तालीम आहे."

"मी अजून मागूनच येते, ब्रदर."

"या. तीस माणसं थांबतील."

मावशीने केक माझ्या हातात कोंबला आणि तिथेच रडली. मीही रडलो. गुरुवारी ती तालमीला गेली. पहिल्या ओळीनंतर श्वासाला थांबली, आणि ड्रमवाला थांबला.