पानशेतच्या बंगल्यांवरची मोठी माणसं

पानशेतला आम्ही सात-आठ जण पुणेकरांचे बंगले राखतो. सोमवारी सकाळी, गाड्या परत गेल्या की, चहाच्या टपरीवर जमतो. शनिवार-रविवार कसा गेला, हे एकेकजण सांगतो. कुणी लिहून ठेवत नाही, तरी विसरत नाही. चांगलं वागलेलंही सांगतो, पण ते एका घोटात संपतं.

शेजारच्या बंगल्यावर दत्तात्रय आहे. त्याचे साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आधीच्या राखणदाराचं नाव पांडू, म्हणून साहेब यालाही पांडूच म्हणतात. अकरा वर्षं झाली. दत्तानंही कधी दुरुस्त केलं नाही. मुलीचं लग्न ठरल्यावर तो पत्रिका घेऊन गेला. साहेबांनी चष्मा लावून ती शांतपणे वाचली, मुलगी काय शिकली ते विचारलं, आणि म्हणाले, "पांडू, हे दत्तात्रय कोण?"

याच दत्ताला मागच्या वर्षी गवत कापताना घोणस चावली. साहेब बंगल्यावरच होते. गाडी देतो म्हणाले, आणि स्वतः चालवत नेली, हे मी आधीच सांगतो. त्यांच्यामुळे दत्ता वाचला.

पण निघताना ते आत गेले. आम्हाला वाटलं, किल्ली आणायला गेले. ते जुनी चादर घेऊन आले. मागच्या सीटवर अंथरली, खाली पायाशी सोडली, चारी कोपरे नीट खोचले. तोवर मी दत्ताला धरून दारात उभा होतो. त्याचा पाय सुजत चालला होता.

दवाखान्यात मी त्याला भेटायला गेलो तेव्हा विचारलं, वाटेत लई भ्यालास का. तो म्हणाला, "भ्यायला सवड कुठं हुती? पाय चादरीच्या भायेर जातोय का, त्येच बघत हुतो."

आता माझ्या बंगल्याचं. आमच्या मॅडम मुक्या जनावरांसाठी काम करतात, भाषणं देतात. पार्टी झाली की उरलेलं अन्न, ताटल्या, चकचकीत कागद, सगळं एका पिशवीत भरून मागच्या भिंतीपलीकडे टाकायला सांगतात. टाकणारा हात माझाच. ते मी लपवत नाही.

वरच्या वस्तीवरच्या धोंडिबांची गाय तिकडं चरायची. ती फुगून मेली. डॉक्टरांनी पोट फाडलं तर आत आमच्याच पिशव्या. धोंडिबा फाटकाशी आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, की इथून पुढं टाकू नका.

मॅडमच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांनी गाईचा फोटो मागून घेतला आणि प्लास्टिकनं गाय कशी मेली ते मोबाईलवर लिहिलं. शेकडो लोक हळहळले. धोंडिबांना त्यांनी ते वाचूनही दाखवलं. धोंडिबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुनी टाकलं, त्ये लिवलंय का त्यात?"

शेवटचं माझ्या वडिलांचं. धरणाच्या वेळी ते नऊ वर्षांचे होते. आमचं जुनं गाव पाण्याखाली आहे. त्याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मॅडमकडे एक प्राध्यापकबाई आल्या होत्या. उठवलेल्या गावांवर त्यांचं पुस्तक चाललं होतं. मीच त्यांना घरी घेऊन गेलो.

बाई ओसरीवर मांडी घालून बसल्या, आईनं दिलेला चहा प्यायल्या. गोड बोलल्या. वडील हळूहळू बोलायला लागले. म्हणाले, गाव सोडायच्या दिवशी सामान बैलगाडीत भरलं, तरी त्यांची आजी घरात एकटीच शेणानं जमीन सारवत बसली होती. घर पाण्यात जाणार हे तिला ठाऊक होतं. सारवून झाल्यावर ती उलट्या पावलांनी बाहेर आली, ओल्यावर पाय उमटू नयेत म्हणून.

एवढं बोलून वडील रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं. बाईंनीही डोळे पुसले. मग मोबाईल उचलला आणि त्यांचा चेहरा पडला. रेकॉर्डिंग चालूच झालं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "आजोबा, सारवण्याचं तेवढं परत सांगाल? आत्ता सांगितलंत ना, अगदी तसंच."

वडिलांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"न्हाई ताई," ते म्हणाले. "त्ये गेलं आता पाण्यात."