मेन स्विच आणि मामांची कंबर

पन्नासच्या दशकात घाटकोपरला भराभर इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीला वीज हवी होती. मी एका वायरिंगच्या कंत्राटदाराकडे कामाला होतो. तारा ओढायला, बटणं बसवायला मला कोणी अडवत नव्हतं. पण झालेलं काम तपासून ‘ठीक आहे’ अशी सही करायची, तर सुपरवायझरचं सरकारी सर्टिफिकेट लागे. त्या सहीशिवाय नव्या घरात दिवा लागत नसे. सर्टिफिकेटला हवा कामाचा अनुभव, मालकाचा दाखला आणि वर तोंडी परीक्षा. अनुभव आणि दाखला माझ्याकडे होता. तोंडीच्या नावाने मात्र माझ्या तोंडचं पाणी पळायचं.

त्यात एक भाग असा, की शॉक लागलेल्या माणसाचा श्वास परत कसा सुरू करायचा ते प्रत्यक्ष करून दाखवायचं. तेव्हाची रीत म्हणजे माणसाला पालथं झोपवायचं, त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकायचे, पाठीवर बरगड्यांच्या खाली तळवे ठेवायचे आणि झुकून दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. आमच्या मालकाच्या दुकानात त्याचा पत्र्याचा बोर्ड होता. चित्रातला शॉक लागलेला माणूस फार सुखात दिसायचा.

सरावाला माणूस हवा. बायको म्हणाली, “माझ्याकडे बघू नका हं. मामा आहेत ना!”

हे तिचे मामा मालवणकडचे, गिरणीत कामाला, आमच्याकडेच राहायचे. रविवारी जेवून ते चटईवर पालथे घोरत पडले होते. मी सरळ त्यांच्यावर बसलो आणि दाबलं.

“आवशीक खाव!” मामा ओरडले. “जावयबापू, भात भायर येयत!”

मी दाबतच राहिलो. हळूहळू मामा गप्प झाले. बायको घाबरली. “अहो, मामा हलत नाहीयेत.”

“शॉक लागलेला माणूस हलत नसतोच,” मी म्हणालो. पण मलाही घाम फुटला आणि हात थांबले.

तेवढ्यात खालून आवाज आला, “थांबू नकात. वायच डाव्या बाजूक.”

गिरणीत उभं राहून राहून धरलेली मामांची कंबर त्या दिवशी सुटली. संध्याकाळी ते ताठ चालत पान खायला गेले आणि येताना दोन माणसं घेऊन आले. मग रोज कोणी ना कोणी येऊन आमच्या चटईवर पालथं पडायचं. बायका येऊ लागल्या तशी आमच्या हिनेच ते काम हातात घेतलं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, तिच्याकडे गर्दीही जास्त. माझी तयारी मात्र झकास झाली. झोपेतसुद्धा मी उशी दाबायचो.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी अर्थिंग विचारलं, मेगर लावून तारांचं इन्सुलेशन कसं तपासतात ते विचारलं. सगळं आलं. मग त्यांनी शिपायाला बोलावलं, हातात वायर देऊन जमिनीवर झोपवलं आणि म्हणाले, “याला शॉक लागलाय. वायर चालू आहे. करा सुरू.”

मी बाह्या सरसावून शिपायावर झेप घेतली.

“थांबा,” साहेब म्हणाले. “तुम्ही मेलात.”

“मी?”

“मेन स्विच कोण बंद करणार? तुम्हीही चिकटलात की त्याला.”

मी उठायला लागलो, तर खालून शिपाई म्हणाला, “साहेब, जरा चालू ठेवू द्या ना. बरं वाटतंय.”

साहेबांनी दोघांनाही बाहेर घालवलं.

घरी आलो तर बायको दारातच. “काय झालं?”

“मेलो,” मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. धीर द्यायला ती तोंड उघडायची आणि तिला हसूच फुटायचं. मामांना मात्र शिपायाची काळजी. “त्याची कंबर अर्धीच ऱ्हवली मरे!”

पुढच्या खेपेला तेच साहेब. मी आत शिरलो. त्यांनी अजून वर पाहिलंही नव्हतं, तोच मी म्हणालो, “आधी मेन स्विच बंद!”

खोलीतला पंखा तेवढ्यात नेमका थांबला. बटणापाशी उभ्या शिपायाने हुकूम समजून ते खरोखरच बंद केलं होतं. साहेबांनी कपाळाला हात लावला. “पंखा लाव रे. आणि तुम्ही बसा.” त्या दिवशी मी पास झालो.

सुपरवायझर म्हणून माझी पहिली तपासणी मुलुंडच्या एका पिठाच्या गिरणीची. तारा, अर्थिंग, मोटर, सगळं ठीक होतं. सही करायची वेळ आली आणि पहिलीच म्हणून मी ती अशा ऐटीत फिरवली, की अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली. गिरणीवाल्याने कागद उलटसुलट करून पाहिला.

“साहेब, हे काय लिहिलंय? वाचताच येत नाही.”

“सर्टिफिकेटवाल्यांची सही अशीच असते,” मी म्हणालो.

“असं होय!” तो एकदम अदबीने म्हणाला आणि माझ्यासाठी आतून मोठा पेला भरून ताक घेऊन आला.