रूथबाई विचारत नसत

ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असा प्रश्न रूथबाईंनी कधी कुठल्या मुलाला विचारला नाही. बालवाडीच्या बाईंबद्दल असं सांगितलं की लोकांना खोटंच वाटतं. बालवाडीत दुसरं असतं काय? हा रंग कोणता, हा प्राणी कोणता, तुझं नाक कुठंय, कान कुठंयत. मीही पहिल्या दिवशी तेच केलं. लाल चेंडू हातात धरला आणि समोरच्या मुलीला म्हटलं, "सांग बघू, हा रंग कोणता?" मुलगी तोंड उघडायच्या आत मागून रूथबाईंचा आवाज आला.

"का गं वैशाली, तुला दिसत नाही का?"

"दिसतोय की, बाई."

"मग तिला कशाला त्रास देतेस?"

झालं! माझ्या अध्यापनाचा श्रीगणेशा हा असा झाला.

मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला एक लहानसं चर्च होतं आणि त्याच्या आवारात पत्र्याच्या छपराची ही बालवाडी. मुलं सगळी मिसळ. यार्डातल्या हमालांची, गाळेवाल्यांची, बिबवेवाडीत नव्याने झालेल्या फ्लॅटमधली. ख्रिस्ती मुलं असतील चार-पाच. मी नोकरी धरली तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "तिथे पोरांना बाटवतात म्हणे." मी म्हटलं, "तिथे पोरांना चड्डीचं बटण लावायला शिकवतात. तेवढं आलं तरी खूप झालं."

प्रार्थना असायची, ते मात्र खरं. सकाळी सगळे हात जोडून, डोळे मिटून बसत. बाईंचा एक डोळा उघडा. "देवानं मुलांना डोळे मिटायला सांगितलंय, मला लक्ष ठेवायला सांगितलंय," हे त्यावरचं स्पष्टीकरण. ज्याला जे मागायचं त्याने ते मोठ्याने मागायचं. "देवा बापा, पप्पांचा टेम्पो चालू होऊ दे." "देवा बापा, डब्यात आज पुन्हा मेथी आहे." यावर सगळा वर्ग एका सुरात "आमेन" म्हणे. मला हसू आवरायचं नाही. बाई मला कोपर मारत आणि नंतर म्हणत, "हसायला काय झालं? आपण मोठी माणसं तरी याहून वेगळं काय मागतो?"

प्रार्थना झाली की खेळ. यार्डातून हमाल मुलांसाठी काय काय आणून टाकत: मक्याची कणसं, फुटलेल्या पेट्यांच्या फळ्या, चिंचोके, जून झालेली भेंडी. भेंडीचे ठसे, चिंचोक्यांच्या रांगा, फळ्यांचं घर. एका टबात पाणी असे. मुलं या पेल्यातलं त्या पेल्यात तासन्‌तास ओतत बसत, निम्मं फरशीवर. ते पुसायचं काम अर्थातच माझ्याकडे. बाई जमिनीवर मांडी घालून बसत आणि त्यांना खरोखर माहीत नसलेलं विचारत. "काल आजीचा खोकला थांबला का रे?" "तुझ्या या चित्रातला माणूस निघालाय कुठे?" आणि मग थांबत. पोर बोलेपर्यंत थांबत, पाच-पाच मिनिटं. मी चुळबुळ करायला लागले की म्हणत, "बोलेल तो. घाई तुला आहे, त्याला नाही."

मुलांचा सगळ्यात लाडका खेळ नोहाच्या तारवाचा, म्हणजे बायबलातल्या महापुरात प्राणी वाचवणाऱ्या जहाजाचा. टेबलावर दोन चादरी टाकल्या की तारू तयार. मुलं हत्ती, उंट, कोंबड्या व्हायची आणि जोडीजोडीने आत शिरायची. एकटं कुणी शिरायचं नाही, हा बाईंचा नियम. मुलांची संख्या विषम असली तर उरलेल्याचा हात बाई धरत आणि गुडघ्यांवर रांगत त्याच्याबरोबर आत जात. संख्या सम असली की त्या बाहेर. एकदा एका चिमुरडीने चादरीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "बाई, तुमची जोडी?"

"मी दार लावणारी," बाई म्हणाल्या. "दार लावायला कुणीतरी लागतंच की."

बाईंनी लग्न केलं नव्हतं. आईवडील गेलेले, एक भाऊ नगरला. त्याचं नाताळला कार्ड यायचं. चर्चच्या मागे एका खोलीत त्या राहत. मुलं गेली की मला निघू द्यायला त्यांच्या जिवावर येई. "एवढा चहा घे आणि जा." चहा झाला की, "एवढी मण्यांची बरणी निवडू आणि जा." मला घरी स्वयंपाक पडलेला असे. मी घड्याळ बघे, ते त्यांना दिसे आणि त्या पटकन उठत. एकदा मे महिन्याच्या सुट्टीत काही कामाने तिकडे गेले, तर वर्गात जुन्या साडीवर सगळे लाकडी ठोकळे वाळत घातलेले. "धुतले," बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो, सुट्टी लागली तेव्हाच धुतले होते ना आपण?" "हे तिसऱ्यांदा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. तरीही मी तिथे दहा मिनिटांच्या वर थांबले नाही.

मग दिवस बदलले. शहराच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, गळ्यात पट्टे अडकवलेली माणसं बसची वाट बघत उभी राहू लागली. बिबवेवाडीत गल्लोगल्ली नर्सऱ्या निघाल्या. त्यांच्या भिंतींवर कार्टून रंगवलेली आणि बाहेर पालकांची रांग. आमच्याकडे ऋत्विक नावाचा मुलगा होता. आईवडील वर्ध्याकडचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. एका मोठ्या इंग्रजी शाळेत त्याला मुलाखतीला नेलं. तिथल्या मॅडमनी आधी इंग्रजीत विचारलं, मग कीव येऊन मराठीत. हातात केळं धरून म्हणाल्या, "बाळ, हे काय आहे?"

ऋत्विकने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही केळं कधी बघितलंच नाही?" मग त्याला दया आली असावी. म्हणाला, "आमच्या बाईंकडे या. त्या दाखवतील."

प्रवेश मिळाला नाही, हे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील वर्गात आले. चेहरा उतरलेला. "बाई, पोट्ट्यानं नाक कापलं ना आमचं. साधं केळं सांगता येत नाही त्याला?"

"केळं खरं होतं का?" रूथबाईंनी विचारलं.

"नाही, प्लास्टिकचं होतं."

"मग बरोबर आहे त्याचं. त्यांनी पाहिलेलं नसणार."

मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाले. पण ऋत्विकचे वडील हसले नाहीत, आणि त्यांनी ते ज्यांना-ज्यांना सांगितलं त्यांच्यापैकीही कुणी हसलं नाही. पुढच्या जूनला वर्गात अकरा मुलं उरली.

चर्चच्या कमिटीने बैठक बोलावली. बालवाडी बंद तरी करायची, नाहीतर इंग्रजी माध्यमाची करायची. मी एव्हाना नर्सरीचा कोर्स केला होता, थोडंफार इंग्रजी बोलत होते. बाई म्हणाल्या, "इंग्रजी गाणी म्हणू की. मी शिकेन. पण वर्ग माझ्याकडे राहू द्या. मला दुसरं काही नाही." शेवटचं वाक्य त्यांनी अगदी हळू म्हटलं. चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, भले गृहस्थ. त्यांना ते सहन झालं नाही. ते माझ्याकडे वळले. "वैशालीताई, तुम्ही सात वर्षं बाईंबरोबर आहात. तुम्ही सांगाल तसं करू."

मी काय उत्तर देणार हे बाईंना माहीत नव्हतं. पोराच्या तोंडाकडे बघत थांबायच्या, तशाच त्या माझ्याकडे बघत थांबल्या होत्या.

मी म्हटलं, "काळ बदललाय. मुलांना इंग्रजी यायलाच हवं." इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे म्हणाले, "आणि बाईंचं आता वयही झालंय." हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला ती खुर्ची हवी होती, दुसरं काही कारण नव्हतं. बाई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि माझ्याहून चपळ होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात किल्ल्या दिल्या. कपाटाचं डावं दार जरा उचलून लावायचं, एवढंच सांगितलं. मागच्या खोलीचं ऑफिस करायचं ठरलं, म्हणून ती खोलीही सुटली. बिबवेवाडीत एका सोसायटीच्या तळमजल्यावर त्यांनी जागा घेतली. माझ्या घरापासून चालत वीस मिनिटं. दोन वर्षं मी त्या रस्त्याला गेले नाही. एकदा भाजीबाजारात त्या लांबून दिसल्या, तर हातातली कोथिंबीर परत टाकून मी पलीकडच्या गल्लीत शिरले. वर्ग उत्तम चालला होता. मी विचारत होते, "व्हॉट कलर इज धिस?" आणि चाळीस पोरं छप्पर उडेल अशी "रेड!" म्हणून ओरडत होती.

शेवटी एका दुपारी गेलेच. बाई वाळल्या होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं, पण ते त्यांनी दाखवलं नाही. "बस," म्हणाल्या. "सकाळी नऊला सगळी बिल्डिंग रिकामी होते. नवरेही जातात, बायकाही जातात. मग मी आणि वॉचमन. तोही झोपतो." त्यांनी चहा टाकला. मी दोन वर्षं मनात घोळवलेलं कसंबसं बाहेर काढलं. "बाई, मला त्या दिवशी तुमच्या बाजूनं बोलता आलं असतं."

"हो," रूथबाई म्हणाल्या. "आलं असतं."

आणि चहा गाळू लागल्या. मी वाट बघत राहिले. वर्गात दोन पोरं भांडली की बाई दोघांचे हात एकमेकांच्या हातात देत आणि "माफ केलं" म्हणायला लावत. शेकडो पोरांना त्यांनी ते म्हणायला लावलं होतं. मला वाटलं, आता म्हणतील. त्या म्हणाल्या, "साखर कमी आहे का बघ."

मी निघाले तेव्हा दारात म्हणाल्या, "गुरुवारी येत जा. गुरुवारी नळाला पाणी नसतं, मला काही काम नसतं." दार लावता लावता म्हणाल्या, "तसं इतर वारीही नसतं."

त्यानंतर दीड वर्ष मी दर गुरुवारी शाळा सुटली की जात होते. आम्ही लसूण सोलायचो, मेथी निवडायचो. बाई शाळेतल्या मुलांची नावं विचारायच्या आणि पुढच्या खेपेला त्यातलं एकेक नाव घेऊन चौकशी करायच्या. घड्याळाकडे मी एकदाही बघितलं नाही. त्या बैठकीचा विषय मात्र ना त्यांनी काढला, ना मी. एका सोमवारी सकाळी वॉचमनचा फोन आला. बाईंच्या फोनशेजारी भिंतीवर एकच नंबर लिहिलेला होता, तो माझा. दफनाला आम्ही नऊ जण होतो. नगरचा भाऊ उशिरा पोचला.

पाळकसाहेब नंतर मला म्हणाले, "वैशालीताई, बाईंनी तुम्हाला मनातून केव्हाच माफ केलं असेल." भला माणूस, माझ्या समाधानासाठी बोलला. पण मी बाईंना ओळखत होते. मनात नसलेलं देवासमोरही त्या बोलत नसत. त्यांनी मला माफ केलं नाही. दर गुरुवारी चहा मात्र केला, आणि साखर बघायला मलाच सांगितलं.