तिसऱ्या रांगेतली माणसं आणि शुभदाताई

शुभदाताई नेवाळकरांची आणि माझी ओळख जमली ती माझ्या चुकीच्या शिलाईमुळे. त्या वेळी विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्याच्या कडेला, माझं एक लहानसं दुकान होतं. रिक्षांचे हूड आणि सीटा शिवणं हा धंदा. शाळा सातवीनंतर सुटली ती सुटलीच. पुढचं जे काही शिकलो ते सुई, दाभण आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या यांच्याकडून. एके दिवशी स्कूटरच्या मागच्या बाजूला मोटारीची अख्खी सीट सुतळीनं बांधून एक तरुण बाई दुकानासमोर थांबल्या. एका मोटार कंपनीत नुकत्याच लागलेल्या इंजिनिअर होत्या. म्हणाल्या, "ह्या मापाचं कव्हर शिवून पाहिजे. आजच."

मी शिवलं. त्या दुकानातच जमिनीवर बसून डबा खात थांबल्या. कव्हर चढवायला गेलो तर ते डाव्याचं उजवं झालेलं! माझा चेहरा पडला. बाईंनी शांतपणे डबा बंद केला आणि म्हणाल्या, "असू दे. आता दुसऱ्या बाजूचंही असंच चुकीचं शिवा, म्हणजे निदान जोडी तरी होईल." मला आधी कळेचना की ह्या रागावल्यात की हसतायत. पुण्याच्या माणसाचं हे असंच असतं. मग त्या स्वतः हसल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून कंपनीच्या चाचणीसाठी लागणाऱ्या सीटा माझ्याकडे येऊ लागल्या, आणि 'बाई'च्या 'ताई' झाल्या.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या ह्या गौरवग्रंथासाठी संपादक मंडळींनी मला विषय दिला आहे, 'शुभदाताईंची निर्णयक्षमता'. मोठी माणसं मोठे विषय देतात. पण ताईंचा जो शेवटचा मोठा निर्णय मी जवळून पाहिला, तो बरोबर होता की चूक, हे मला आजही उमगलेलं नाही. गोंधळलेल्या माणसानं गौरव कसा करावा? तरी जे पाहिलं ते सांगतो. वाचणाऱ्यांनी आपापलं ठरवावं.

आधी त्यांच्या कामाची रीत सांगितली पाहिजे. नवी गाडी काढायच्या आधी कंपनीच्या शेडमध्ये तिचा लाकडी सांगाडा उभा करतात. पत्रा नाही, चाकं नाहीत, नुसती बसायची जागा. त्यात माझ्यासारख्यांनी शिवलेल्या सीटा ठेवायच्या आणि रविवारी ओळखीपाळखीच्या कुटुंबांना बोलवून बसवून पाहायचं. तरुण इंजिनिअर मंडळी हातात पाटी घेतल्यासारखा टॅब घेऊन विचारत फिरतात, "काका, कम्फर्टेबल आहे ना?" आणि आपली माणसं काय सांगणार? "हो हो, छान आहे." चहा दिलेल्या माणसाला सीट वाईट आहे म्हणून सांगायची आपली पद्धत नाही. ताई काहीच विचारत नसत. लांब उभ्या राहून माणसं उतरताना बघत. कोण दाराला धरतं, कोण गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबतं. "तोंड पाहुण्याचं असतं आप्पा, गुडघे घरचे असतात," असं त्या म्हणत.

माणूस म्हणून त्या कशा, ह्याची एकच आठवण लिहितो. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात झालं, तेव्हा नेमकं एक घाईचं काम माझ्याकडे होतं. हातातलं काम जाणार ह्या भीतीनं मी डोळ्यावर पट्टी असतानाच मशीनवर बसायला निघालो होतो. बायकोनं ताईंना फोन केला. ताईंनी कंपनीत सांगून टाकलं की कापडच अजून आलेलं नाही. ते कापड त्यांच्याच गाडीच्या डिकीत होतं. माझी पट्टी निघाल्यावर त्यांनी स्वतः आणून दिलं आणि म्हणाल्या, "आलं बाई एकदाचं कापड!" आयुष्यात त्या खोटं बोललेल्या मी तेवढं एकदाच ऐकलं.

आता तो निर्णय.

कंपनी विजेवर चालणारी मध्यम आकाराची एसयूव्ही काढणार होती. फार मोठी नाही, फार लहान नाही. प्रश्न असा पडला की हिला पाठीमागे तिसरी रांग द्यावी की नाही. म्हणजे पाच माणसांची गाडी करायची की सात. विक्रीवाले म्हणत, लोक मागतात, द्या. पण विजेच्या गाडीची बॅटरी पायाखाली सतरंजीसारखी पसरलेली असते. त्यामुळे तळ उंच होतो, छत मात्र तिथंच राहतं. तिसऱ्या रांगेतल्या माणसाचे गुडघे मग हनुवटीशी गप्पा मारायला येतात. शिवाय सामान ठेवायला जागा उरत नाही, आणि वजन वाढल्यानं एका चार्जिंगमध्ये गाडी जायची तेवढी लांब जात नाही. निवृत्तीच्या आधी ह्यावर शेवटचं मत ताईंनी द्यायचं होतं.

ताईंचं मत सुरुवातीपासून नको असंच होतं. "आप्पा, ही तिसरी रांग म्हणजे तोंडदेखलं आमंत्रण आहे. पंगतीत पान मांडायचं आणि पाट द्यायचा नाही."

मी उलट बाजूचा. "ताई, घरात माणसं असतात. दाटीवाटीनं बसलं की माया वाढते."

"माया वाढते ती पुढं बसलेल्यांची. मागचा बिचारा खड्डे मोजत असतो."

असा आमचा वाद महिनोन् महिने चालला. मग एका रविवारी त्यांनी आमचंच कुटुंब सांगाड्यात बसायला बोलावलं. मी, आमची मंडळी, मुलगा, सून, नात, आणि सुनेच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. यजमान गेल्यापासून त्या धानोरीत एकट्याच राहतात. आमच्या घरापासून फार लांब नाही.

कुणी काही सांगायच्या आतच विहीणबाई मधली सीट दुमडून तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलीची आई मुलीच्या सासरच्यांबरोबर निघाली की मागंच बसते. हे असं कुठं लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना पाठ असतं. मिहीर नावाच्या तरुण इंजिनिअरनं विचारलं, "आंटी, मागे ओके आहे?"

"ऐसपैस आहे हो," विहीणबाई म्हणाल्या.

मिहीरनं टॅबवर बरोबरची खूण केली. बाकीचे चहाला गेले. मी सांगाड्याच्या मागच्या बाजूला कव्हरचा एक सुटलेला हूक बसवत होतो. ताईंनी विहीणबाईंना हात देऊन उतरवलं, पायरीवरच बसवलं आणि शेजारी स्वतः बसल्या.

"आता इथं कुणी नाही. खरं सांगा."

विहीणबाईंनी गुडघा चोळला. "पाय कुठं ठेवायचे तेच कळेना बघा. गुडघे भरून आले."

"मग काढून टाकू ही रांग?"

"नको, नको! काढू नका."

"का हो?"

"आत्ता घरच्या गाडीत पाच माणसं बसतात. ती पाच तर घरचीच आहेत. गेल्या दिवाळीत कोल्हापूरला निघाले तेव्हा जावयांनी विचारलं, येता का आई? मी म्हटलं, गुडघे दुखतात, तुम्ही जा. जागा नाही हे त्यांना माहीत, मला माहीत. तेही सुटले, मीही सुटले. जागा असली तर निदान खरं विचारतील. मग मी नाही म्हटलं तरी ते माझं नाही असेल."

मी हूक हातात धरून तसाच उभा. कोल्हापूरहून आम्ही त्यांच्यासाठी प्रसाद आणि गूळ आणला होता, आणि तो देऊन आपण मोठं काम केलं असं मला वाटलं होतं.

सगळे गेल्यावर मी त्या तिसऱ्या रांगेत शिरलो. इतक्या सीटा शिवल्या, पण मागच्या जागेत चांगला तासभर असा कधी बसलो नव्हतो. बाहेर आलो तो पाठीचं धनुष्य करूनच. दुसऱ्या दिवशी ताईंच्या टेबलाशी गेलो.

"ताई, तुमचंच खरं. काढून टाका ती रांग. म्हाताऱ्या माणसाला तिथं बसवणं पाप आहे."

"अहो, मी तर ठेवायची म्हणतेय."

"कालपर्यंत तुम्हीच..."

"आणि कालपर्यंत तुम्ही?"

मिहीर दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. "मॅडम, रिपोर्टमध्ये नक्की काय लिहू?"

"लिही, की दोन ज्येष्ठ व्यक्ती वाटेत एकमेकांना ओलांडून गेल्या," ताई म्हणाल्या.

पण त्या हसण्यात विषय बुडवणाऱ्या नव्हेत. चाचणीच्या गाडीत त्यांनी मधली रांग रुळांवर बसवून घेतली, म्हणजे ती पुढं-मागं सरकेल. आणि एका सकाळी कंपनीची रीतसर परवानगी काढून ती गाडी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "चला, दिवे घाटातून सासवडपर्यंत जाऊन येऊ. विहीणबाईंनाही घ्यायचं आहे."

धानोरीत गाडी थांबली. विहीणबाई यायच्या आत मीच तिसऱ्या रांगेत घुसून बसलो. त्या दाराशी आल्या, मला मागं पाहिलं आणि पायरीवर ठेवलेला पाय परत खाली घेतला.

"अहो व्याहीबुवा, हे काय? तुम्ही मागं आणि मी मध्ये ऐसपैस? लेकीच्या घरी मला तोंड दाखवायला जागा ठेवाल की नाही?"

"मी काही उठत नाही," मी म्हणालो.

"मग मी येत नाही."

सून म्हणाली, "आई, बस ना गं." मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी पुढे या." आमच्या मंडळी म्हणाल्या, "बसू द्या हो त्यांना मागं. घरात तरी कुठं पुढं असतात?" गल्लीतली दोन-चार माणसं गॅलरीत येऊन बघू लागली. गाडी विजेची, चार्जिंग भरलेलं, रस्ता मोकळा, आणि आम्ही जागच्या जागी.

स्टिअरिंगवरून ताईंचा आवाज आला, "जागा गाडीत आहे, मी मोजून दिली आहे. माणसांचं काय ते तुमचं ठरवा. तोवर मी कोपऱ्यावर चहा घेऊन येते." आणि त्या खरंच उतरून गेल्या!

त्या परत आल्या तेव्हा विहीणबाई माझ्या शेजारी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मी उठलो नाही, त्या मध्ये बसल्या नाहीत; मग दुसरं काय होणार? ताईंनी आरशातून पाहिलं आणि मधल्या रांगेला हुकूम सोडला, "मधल्यांनो, जरा सरकून घ्या." आमच्या मंडळी, सून आणि नात कुरकुरत पुढं सरकल्या. आम्हाला पाय ठेवण्यापुरती जागा झाली. ऐसपैस म्हणण्यासारखी नव्हे.

घाटात प्रत्येक वळणाला डोकं काचेला लागत होतं. पण एक खरं सांगतो. सून घरात येऊन इतकी वर्षं झाली, विहीणबाईंशी मी 'बरं आहे ना' आणि 'जेवून जा' याच्या पलीकडे कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी त्यांनी मला सासवडपर्यंत झोडपलं. "जगाच्या सीटा शिवता, आणि घरच्या सोफ्याची उशी उसवलीय ती कोण शिवणार? दर वेळी तिथंच मला बसवता." मी म्हटलं, मग सांगायचं नाही का? म्हणाल्या, "आज सांगितलं की."

सासवडला चहासाठी थांबलो तेव्हा आम्हा दोघांना ओढून बाहेर काढावं लागलं. ताईंनी मला बाजूला घेतलं. "आप्पा, आता सांगा. ठेवू की काढू?"

"ताई, गुडघ्यांना विचारलं तर काढा. बाकी मला काही कळत नाही."

"मलाही कळत नाही," ताई म्हणाल्या. "पण सही मलाच करायची आहे."

इतक्या वर्षांत ताईंच्या तोंडून 'कळत नाही' मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी लिहिलं ते मिहीरनं मला नंतर वाचून दाखवलं. तिसरी रांग द्यावी. ज्याला हवी त्याला द्यावी, सगळ्यांवर लादू नये. मधली रांग सरकती असल्याशिवाय मुळीच देऊ नये. आणि ही जागा आरामशीर आहे असं जाहिरातीत कुठंही म्हणू नये. कंपनीतल्या एका वरिष्ठांनी विचारलं म्हणे, "मॅडम, आराम नाही तर द्यायची कशाला?" ताई म्हणाल्या, "न्यायला." एवढंच. विक्रीवाले जाहिरातीच्या अटीवर नाराज आहेत, हिशेबवाले रुळांवर नाराज आहेत. हे लिहीपर्यंत कंपनीचा निर्णय झालेला नाही. ताईंना निर्णयक्षम म्हणावं, तर त्यांनी सगळ्यांनाच कोड्यात टाकलं आहे. न म्हणावं, तर स्वतःला पटलेलं मत साठीच्या उंबरठ्यावर बदलायला लागणारं धाडस माझ्या पाहण्यात दुसऱ्या कुणाकडे नाही.

आमच्या घरात मात्र परिणाम झालेला आहे. येत्या दिवाळीला तुळजापूरला जायचं घाटतंय. गाडी आमची तीच, पाच माणसांची. परवा विहीणबाई आल्या, शिवलेल्या उशीवर बसल्या आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "तुळजापूरला मी येणार आहे. कोण राहणार ते तुमचं तुम्ही ठरवा."

मी म्हटलं मी राहतो, मंडळी म्हणाल्या तुम्ही कशाला, मी राहते, मुलगा म्हणतो दुसरी गाडी भाड्यानं करू, सून आईकडे बघून नुसती हसतेय आणि डोळे पुसतेय. अजून काहीही ठरलेलं नाही.

शुभदाताई, वयानं मी मोठा म्हणून आशीर्वाद देतो, आणि कामानं आपण मोठ्या म्हणून नमस्कार करतो. आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. जेवण गोड लागो, झोप गाढ लागो आणि बोलणं असंच तिखट राहो. मात्र निवृत्त झाल्या म्हणून सुटल्या, असं समजू नये. आमच्या घरात हा घोळ आपणच घालून दिला आहे. दिवाळी तोंडावर आली आहे, माणसं सहा आहेत, आणि मागं राहायला प्रत्येक जण हट्टानं तयार आहे. एकदा येऊन आमचं भांडण सोडवून जावं.